एक पायरी जास्त

काही महिन्यांपूर्वी एका दुपारी दिल्लीतील माझ्या कार्यालयात एक भाभीजी आल्या. त्यांचे यजमान एके काळी माझ्याच विभागात कक्ष अधिकारी होते. मूळचे अल्मोड्याचे, अक्षर मोत्यासारखे, आणि टिपणी लिहिताना एक शब्दही जास्त न वापरणारे. निवृत्तीला वर्षभर उरले असताना ते गेले. कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत काही त्रुटी निघाली होती आणि तिची पूर्तता करण्याविषयीची सूचना संबंधित कार्यालयाने नोंदीत असलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवली होती. ते खाते यजमानांनी फार वर्षांपूर्वी उघडलेले; सगळ्या घराचे मिळून तेवढे एकच. भाभीजींना त्याचा पासवर्ड पाठ होता. मुलाने जुना फोन बदलून नवा आणून दिला तोवर सर्व ठीक चालले होते. नव्या फोनवर पासवर्ड दिल्यानंतर पडद्यावर मजकूर आला की, या खात्याचे धारक आपणच आहात याची खात्री करावयाची आहे, त्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर एक संकेतांक पाठवला आहे. तो मोबाइल यजमानांचा होता. तो क्रमांक त्यांच्या मृत्यूनंतर घरच्यांनी रीतसर बंद करून टाकला होता.

माझ्या संगणकावर आम्ही पुन्हा प्रयत्न केला. पर्यायी ई-मेल पत्ता विचारला गेला; तो यजमानांच्या कार्यालयाचा निघाला, म्हणजे तोही बंद. मग प्रश्न आला की, हे खाते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी उघडले होते? भाभीजी क्षणभर पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “भाईसाहब, ते गेले ती तारीख मला पाठ आहे. खाते उघडल्याची तारीख मला कुठून माहीत असणार?” आम्ही अंदाजाने एक महिना भरला. आपली ओळख पटू शकली नाही, कृपया पूर्वी वापरलेल्या उपकरणावरून प्रयत्न करावा, असे उत्तर आले. ते उपकरण भंगारात गेले होते. कोणाशी बोलावे, कोणाला अर्ज करावा, याचा त्या पडद्यावर कुठेही उल्लेख नव्हता. “पण पासवर्ड तर बरोबर आहे ना?” हे त्यांनी दोनदा विचारले. पासवर्ड बरोबरच होता.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि व्यवसायाने सरकारी अधिकारी. त्यामुळे अशी एखादी जास्तीची पायरी दिसली की ती कोणी आणि कोणत्या कारणाने घातली आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे पाहण्याची मला सवय आहे. ई-मेलच्या पायऱ्यांचा शोध घेऊ लागलो तो मागे मागे जात थेट टपालाच्या इतिहासात पोहोचलो. तेथून सुरुवात केल्याशिवाय पुढचे नीट उमगणार नाही, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

१८३७ साली इंग्लंडमध्ये रोलंड हिल या गृहस्थांनी टपाल सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. हिल टपाल खात्यात नोकरीला नव्हते, पेशाने शिक्षक होते. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च किती, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि तो निघाला एका पेनीचा छत्तिसावा भाग. मग टपालाचा दर एवढा जबर का? कारण प्रत्येक पत्र हातात घेऊन त्यात कागद किती आहेत ते दिव्यासमोर धरून पाहणे, अंतर काढणे, त्यावरून आकार ठरवणे, तो पाकिटावर लिहिणे, नोंदवहीत चढवणे, आणि शेवटी पत्र घेणाऱ्याच्या दारात उभे राहून पैसे वसूल करणे, एवढे सगळे सोपस्कार होते. पत्र नेणे स्वस्त होते, हाताळणे महाग होते. अंतर न पाहता एकच दर ठेवा, पैसे आधीच घ्या आणि पैसे भरल्याची खूण पाकिटावर चिकटवा, असे हिल यांनी सुचवले. १८४० मध्ये हे अमलात आले. इंग्लंडमध्ये १८३९ साली सुमारे साडेसात कोटी पत्रे गेली होती. १८४० साली ती जवळजवळ सतरा कोटी झाली. हिल यांच्या पुस्तिकेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ मध्ये, रोनाल्ड कोस यांचा प्रसिद्ध निबंध आला, ज्यापासून आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘व्यवहार-खर्च’ ही कल्पना शिकवतात. मला मात्र वाटते की, त्या धड्याची सुरुवात हिल यांच्या छत्तिसाव्या भागापासून केली तर मुलांना तो लवकर समजेल.

आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात अंतर आणि वजन यांवर दर होते. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडत असे, आणि त्या काळी एक रुपया म्हणजे काय हे सांगायला नको. १८५४ च्या कायद्याने लॉर्ड डलहौसींच्या कारकिर्दीत सर्व हिंदुस्थानात एकच दर झाला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की पेशावरला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. तिकीट न लावलेले पत्र नाकारले जात नसे; ते पोहोचवले जाई आणि घेणाऱ्याकडून दुप्पट आकार घेतला जाई. म्हणजे ज्याने नियम पाळला त्याला कोठेही थांबवायचे नाही आणि ज्याने पाळला नाही त्याच्याकडून नंतर वसूल करायचे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

पुढे १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, त्याने पाकिटाची पायरी काढली. १९५० मध्ये अंतर्देशीय पत्र आले, त्यात कागद, पाकीट आणि तिकीट एकत्रच झाले. माझ्या लहानपणी आई त्याच्या कडेच्या दुमडीवरसुद्धा दोन ओळी लिहीत असे.

टपाल खात्याने पायऱ्या केवळ काढल्याच असे नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी एक घातलीही. त्या दिवसापासून पत्ता लिहिताना सहा आकडी पिनकोड लिहावा, असे सांगण्यात आले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. संस्कृतचे मोठे विद्वान आणि कवी म्हणूनही ते प्रसिद्ध होते. पत्र लिहिणाऱ्याचे काम सहा आकड्यांनी वाढले हे खरे. पण एकाच नावाची डझनावारी गावे, निरनिराळ्या लिपी आणि हस्ताक्षरे यांतून वाट काढणाऱ्या वर्गीकरण करणाऱ्यांचे श्रम त्याने किती वाचवले! शिवाय लाभ लिहिणाऱ्याला स्वतःलाही मिळत होता, पत्र चुकीच्या गावी जात नव्हते. आणि पिनकोड लिहिला नाही म्हणून पत्र पेटीत पडायचे थांबत नव्हते. जास्तीची पायरी कशी घालावी याचा यापेक्षा चांगला नमुना प्रशासनात मला माहीत नाही.

आता ई-मेलकडे येतो. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत निरोप पाठवण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली आणि @ हे चिन्हही त्यांनीच त्यासाठी निवडले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. (आपल्या देशात चांगल्या गोष्टींना ही एकच तारीख का सापडते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ज्यांनी त्या काळातली मजकुरापुरती खाती वापरली आहेत त्यांना मोडेमची ती किंकाळी आणि मग काळ्या पडद्यावर टंकायच्या आज्ञा आठवत असतील. ई-मेल वाचण्यासाठी खास प्रणाली संगणकावर बसवावी लागे, तिच्यात सेवा देणाऱ्याच्या यंत्राचे नाव वगैरे भरावे लागे आणि मग ते पत्र त्या एका संगणकावरच वाचता येई. बदली झाली की पत्रे मागे राहत.

कोणत्याही संगणकावरून, नुसता ब्राउझर उघडून ई-मेल वाचता यावे, ही कल्पना सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांची. भाटिया चंदीगडला जन्मलेले आणि बंगळूरला वाढलेले. दोघे एका कंपनीत नोकरी करत असताना आपल्या नव्या उद्योगाच्या योजनेबद्दल एकमेकांना लिहू इच्छीत होते, पण कार्यालयाच्या जाळ्यातून खाजगी मेलखात्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. ती अडचण दूर करण्याच्या खटपटीतून ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झाले. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन मुद्दाम निवडलेला. म्हणजे कार्यालयाने घातलेला अडथळा ओलांडण्यासाठीच वेबमेलचा जन्म झाला, हे आज विसरले गेले आहे. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी घेतली.

त्या सुरुवातीच्या वेबमेलमध्ये पायऱ्या पुष्कळ होत्या. शतक बदलण्याच्या सुमारास माझी नेमणूक गुवाहाटीला होती आणि रविवारी मी तेथील एका सायबर कॅफेत बसून पुण्याला आईवडिलांच्या शेजाऱ्यांच्या पत्त्यावर पत्र पाठवत असे. तासाला पन्नास-साठ रुपये. पत्रांची यादी उघडा, की पूर्ण पान नव्याने येणार. एक पत्र उघडा, पुन्हा पूर्ण पान. ते पुसा, पुन्हा पान. यादीकडे परता, पुन्हा पान. साठवणुकीची मर्यादा दोन मेगाबाइट, त्यामुळे दर आठवड्याला जुनी पत्रे पुसण्याचे काम. आमच्या अभिलेख कक्षात जुने कागद नष्ट करण्याची जी मोहीम निघते, तिचीच ती घरगुती आवृत्ती. पण मला त्या पायऱ्यांचा राग आल्याचे आठवत नाही. तंत्र तेवढेच होते. त्या पायऱ्या कोणी आपल्या सोयीसाठी माझ्या वाटेत मांडलेल्या नव्हत्या.

त्या कशा निघाल्या याचीही गोष्ट मनोरंजक आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये कार्यालयीन मेल ब्राउझरमध्ये दाखवण्याचे काम करणाऱ्या गटाने, पूर्ण पान न बदलता त्यातला हवा तेवढाच भाग यंत्राकडून मागवता यावा, यासाठी एक लहानसा घटक तयार केला आणि तो १९९९ मध्ये त्यांच्या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्या युक्तीचा पुरेपूर उपयोग गुगलच्या पॉल बुखहाइट यांनी केला. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी जाहीर झाले तेव्हा एक गिगाबाइट जागा मोफत मिळणार हे वाचून अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. काहीही पुसावे लागत नव्हते, एका विषयावरची सगळी पत्रोत्तरे एकाखाली एक दिसत होती, आणि पान पुन्हा पुन्हा येत नव्हते. त्याच वर्षी याहूनेही आपली चार मेगाबाइटची मर्यादा शंभरावर नेली. माझ्या मते तो काळ वेबमेलचा १८४० होता.

मग पायऱ्या परत कशा आल्या? पहिले कारण खरे आणि रास्त आहे. पत्र पाठवणे फुकट झाले की नको ती पत्रे पाठवणेही फुकट होते. मे १९७८ मध्येच एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली होती. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी त्यावर एक अर्थशास्त्रीय उपाय सुचवला. प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक छोटे गणित सोडवायला लावावे. एक पत्र पाठवणाऱ्याला ते जाणवणार नाही, लाख पत्रे पाठवणाऱ्याला परवडणार नाही. खर्च ज्याच्यामुळे होतो त्याच्याच माथी तो मारण्याची ही कल्पना मला अतिशय आवडते. ई-मेलमध्ये ती रूढ झाली नाही. रूढ झाले ते वाकड्यातिकड्या अक्षरांचे कोडे, म्हणजे कॅप्चा, जे यंत्राऐवजी माणसाने सोडवायचे असते.

त्या कोड्याच्या जनकांपैकी एक, लुई फॉन आन, यांच्याबद्दल मला आदर आहे तो त्यानंतर त्यांनी जे केले त्यामुळे. आपले कोडे जगभरात दिवसाला वीस कोटी वेळा सोडवले जाते आणि प्रत्येक वेळी सुमारे दहा सेकंद जातात, म्हणजे मानवजातीचे रोज पाच लाख तास आपण खर्ची घालतो आहोत, असा हिशेब त्यांनी स्वतः केला. तो त्यांना टोचला. मग २००७ मध्ये त्यांनी अशी व्यवस्था केली की, जुन्या ग्रंथांच्या चित्रप्रतींतील जे शब्द यंत्राला वाचता येत नव्हते तेच लोकांपुढे कोडे म्हणून यावेत, म्हणजे त्या दहा सेकंदांतून निदान ग्रंथ तरी संगणकावर येतील. पायरी घालणाऱ्याने तिचा सगळ्यांना पडणारा खर्च स्वतः मोजल्याचे हे मला ठाऊक असलेले जवळजवळ एकमेव उदाहरण. सरकारात तर मी ते एकदाही पाहिले नाही.

द्विस्तरीय पडताळणी, जिने भाभीजींना अडवले, तीही याच जातीची. जीमेलने ती सर्व वापरकर्त्यांना २०११ मध्ये देऊ केली. पुढे बँका आल्या, सरकारी मेलखात्यांनाही ती आली. चोरलेल्या पासवर्डने खाती लुटणाऱ्यांविरुद्ध तिचा खरोखर उपयोग होतो आणि मी ती आनंदाने वापरतो. तिची कल्पना करणाऱ्याने एकच गोष्ट गृहीत धरली होती की, प्रत्येक खात्यामागे एक माणूस आणि प्रत्येक माणसामागे एक कायमचा फोन असतो. आपल्याकडे एका खात्यामागे घर असते.

दुसऱ्या प्रकारच्या पायऱ्यांबद्दल मात्र मला एवढे समजुतीने लिहिता येत नाही. सेवा मोफत आहे, म्हणजे पैसा दुसरीकडून यायला हवा; आणि तो आपल्या लक्षातून येतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गुगलने मेलखात्यालाच बझ नावाचा गप्पांचा कट्टा जोडला. लोक पत्रे वाचायला गेले आणि आपण कोणाशी वारंवार पत्रव्यवहार करतो ती नावे चारचौघांत दिसू लागल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापर्यंत तक्रार गेली, २०११ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी बझ बंद पडले. बझ गेले, वृत्ती राहिली. मी वापरतो त्या एका मोफत सेवेत (नाव महत्त्वाचे नाही, सगळ्याच सख्ख्या बहिणी आहेत) सकाळी पत्र उघडण्याआधी नवे रूप वापरून पाहण्याचे आमंत्रण येते. ते बाजूला केले की फोनवरचे अॅप घेण्याचा आग्रह. मग जागा भरत आल्याचा इशारा आणि पैसे भरण्याचे बटण. साधे दोन पानांचे पत्र जोडायला गेलो तर ते जोडायचे की आमच्या साठवणीत ठेवून दुवा पाठवायचा, असा प्रश्न. या सर्वांवर उत्तरे दोनच असतात, ‘होय’ किंवा ‘नंतर’. ‘नाही’ हे उत्तर कोठेच नसते. इतकी वर्षे सचिवालयात काढल्यावर मला ‘नंतर’ या शब्दाची चांगली पारख आहे. तो नकार ऐकून न घेण्याचा सभ्य प्रकार आहे.

अशा रचनांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि पिच्छा पुरवणे हा त्यांतील एक प्रकार आहे. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी २०१८ मध्ये अशा जाणूनबुजून घातलेल्या अडगळीला ‘स्लज’ म्हटले. मी तो शब्द आमच्या एका प्रशिक्षण वर्गात वापरला तेव्हा मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, “सर, याला आपल्याकडे कार्यपद्धती म्हणतात.” वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण ते मनात राहिले.

कारण अशी एक पायरी मी स्वतः घातलेली आहे. उपसचिव असताना माझ्याकडे एक शिष्यवृत्ती योजना होती. एका वर्षी दोन अर्जांना जोडलेली गुणपत्रके बनावट निघाली. वरून विचारणा झाली की, पुन्हा असे होऊ नये म्हणून काय उपाय योजले? मी अर्जात एक रकाना वाढवला. प्रत्येक प्रत राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून जोडावी. फाईल अवर सचिव, मी, सहसचिव अशी तीन दिवसांत वर जाऊन खाली आली. तिच्या मंदगतीबद्दल त्या एका वेळी तरी कोणाला तक्रार करता आली नसती. लॉर्ड कर्झन यांनी व्हाइसरॉय झाल्यावर फायलींच्या प्रवासाला पृथ्वीच्या फिरण्याची उपमा दिली होती. ते फाईल हळू जाते म्हणून वैतागले होते. माझा अनुभव असा की, पायरी घालणारी फाईल नेहमी झपाट्याने जाते, काढणारीच हळू जाते.

पुढच्या वर्षी ईशान्येच्या एका डोंगराळ जिल्ह्यातून एका मुलाचे पत्र आले. त्याच्या गावापासून राजपत्रित अधिकाऱ्याचे कार्यालय दोन दिवसांच्या वाटेवर होते. तो गेला तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा गेला तोवर मुदत संपली. अर्ज उशिरा आल्याबद्दल त्याने माफी मागितली होती. मुदतीनंतर आलेला अर्ज स्वीकारण्याची तरतूद नव्हती, आणि त्यात सवलत देण्याचा अधिकार मला नव्हता. निदान मी तसे लिहिले.

१९८२ मध्ये निकोल्स आणि झेकहाउसर यांनी असा युक्तिवाद मांडला होता की, सरकारी मदत मिळवण्याच्या वाटेत थोडी खडतरता ठेवली तर ज्यांना खरी गरज नाही ते आपोआप गळतात. एम.ए. ला तो मला फार चतुर वाटला होता. या मुलाच्या बाबतीत गळले कोण हे मी पाहिले. दोन बनावट गुणपत्रके देणाऱ्यांना त्यांच्या ओळखीचा राजपत्रित अधिकारी सहज सापडला असता.

उपाय अवघड नव्हता. जीमेलमध्ये ‘पाठवलेले परत घ्या’ अशी एक सोय आहे. प्रयोग म्हणून ती २००९ मध्ये आली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी कायम झाली. पत्र पाठवताना ‘नक्की पाठवायचे ना?’ असे प्रत्येकाला प्रत्येक वेळी विचारण्याऐवजी पत्र काही सेकंद थोपवून धरायचे आणि ज्याची चूक झाली असेल त्याला ते मागे घेऊ द्यायचे. केंद्र सरकारने स्वयं-साक्षांकनाचा स्वीकार केला आणि २०१४ पासून तो नेटाने राबवला, त्यातला विचार हाच होता. अर्जदाराने स्वतः सही करावी, निवड झाल्यावर मूळ कागद पाहावेत, खोटे निघाल्यास कारवाई करावी. हे तत्त्व १८५४ च्या बिनतिकिटाच्या पत्रालाही लागू केलेले होते. माझा रकाना त्या लाटेत वाहून गेला. तोवर तो कोणत्या दोन अर्जांमुळे आला होता हे विभागात कोणाला आठवत नव्हते, आणि तो काढून टाकावा हे मला स्वतःला त्या आधी सुचलेही नव्हते.

भाभीजींचे काम अखेर स्पीड पोस्टने झाले. मी संबंधित कार्यालयाला दूरध्वनी केला, तेथल्या एका सहृदय लेखा अधिकाऱ्याने त्रुटीचे पत्र कागदावर छापून घरच्या पत्त्यावर रवाना केले, पिनकोडसह. चौथ्या दिवशी ते पोहोचले. चहा घेताना मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर नवे मेलखाते उघडून दिले. शेवटच्या पानावर पर्यायी क्रमांक मागितला गेला. त्यांनी नातीचा दिला, आणि मग थोडा विचार करून विचारले, “ती लग्न होऊन गेली, तिने नंबर बदलला, तर?”

जुन्या खात्यात यजमानांनी वीस वर्षांत पाठवलेली आणि जपलेली पत्रे, मुलाच्या वसतिगृहातून आलेली पत्रे, नातीचे पहिले छायाचित्र असे सगळे आहे. ते अजून उघडलेले नाही. पासवर्ड त्यांनी एका वहीत लिहून ठेवला आहे.

दिवंगत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाशी होणाऱ्या पत्रव्यवहारात ई-मेलबरोबर कागदी पत्रही पाठवावे आणि कुटुंबाला आपला पत्ता व क्रमांक साध्या पोस्टकार्डाने बदलता यावा, अशी एक टिपणी मी मांडली आहे. मसुदा तपासताना लक्षात आले की पोस्टकार्डाच्या पुढे मी सवयीने ‘ओळखपत्राच्या प्रतीसह’ असे लिहिले होते. पोस्टकार्डाला प्रत कशी जोडणार! ते शब्द मी खोडले. फाईल सध्या तिसऱ्या टेबलावर आहे.